पिवळ्या दिव्यातला फोटो

हॉस्पिटलच्या तळघरात, जिथे भिंतीवरचे बाण संपतात आणि नवखा माणूस आपण चुकलो असं समजून माघारी फिरतो, तिथे दोन खोल्या होत्या. एका खोलीत फोटो काढले जात, दुसरीत ते धुतले आणि छापले जात. दोन्ही एकाच बाईच्या ताब्यात. पगारपत्रकावर तिचा हुद्दा चांगला लांबलचक होता, पण शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला फोटोताईच म्हणत.

भाजलेल्या माणसांचे फोटो काढणं हे तिचं काम. इथे ‘हसा जरा’ म्हणायची सोय नव्हती. पेशंटला स्टुलावर बसवायचं, मान हवी तशी वळवायला सांगायची, फोटो काढायचा. महिना-दोन महिन्यांनी तोच पेशंट, तेच स्टूल, तीच मान. डॉक्टर दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघणार आणि कातडी भरतेय की आवळतेय ते ठरवणार. म्हणजे दोन फोटोंमध्ये फरक पडायला हवा तो फक्त जखमेत. बाकी काहीही बदलून चालणार नव्हतं. दिवा नाही, त्याचं अंतर नाही, फिल्म नाही, ती धुण्याच्या औषधाची ऊब नाही, छापायचा कागद नाही.

आणि एवढं सगळं डोक्यात राहत नाही, म्हणून वही. जाड पुठ्ठ्याची, आडवी, हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या औषधाच्या, डागांनी कडा तपकिरी पडलेली. डाव्या पानावर फोटो काढतानाची नोंद आणि उजव्या पानावर डार्करूममधली. फिल्म कुठली, उजेड किती, कॅमेरा कुठे, औषध किती गरम, किती वेळ, कागद कडक की नरम, म्हणजे काळंपांढरं ठसठशीत उतरवणारा की सौम्य. सगळ्यात शेवटी शेऱ्याचा एक अरुंद रकाना. तिच्या आधीचे फोटोग्राफर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी किल्ल्या देण्याआधी वह्या दिल्या होत्या. “माझं डोकं आज माझ्याबरोबर घरी चाललंय,” ते म्हणाले होते, “या मात्र इथेच राहतील. रोज लिहा. कंटाळा आला तरी लिहा.”

ती रोज लिहायची. घरी नवरा शाळेतल्या पोरांना गणित शिकवून दमून आलेला असायचा, तरी पाहुण्यांसमोर तिची फिरकी घ्यायला त्याच्यात जोर असायचा. “आमच्याकडे आमटीत मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही. पण मागच्या वर्षीच्या कुणाच्या अंगठ्याचा फोटो किती उजेडात काढला ते विचारा हिला. झोपेतून उठून सांगेल.”

“वही बघून सांगेन,” ती म्हणायची. “झोपेतलं मी कशाला सांगू?”

एका सकाळी दारात दोघी बहिणी उभ्या राहिल्या. पुढे थोरली, काखेत फाइल, कपाळावर घाम, आणि तोंडाचा पट्टा जिन्यापासूनच सुरू झालेला. “काय हो हे तळघर! दोनदा वर जाऊन आलो आम्ही. एकदा तर थेट मुदपाकखान्यात गेलो. फोटो इथेच ना?” तिच्यामागे धाकटी. स्कार्फ असा गुंडाळलेला की फक्त डोळे आणि नाकाचा शेंडा दिसावा.

धाकटी लॉन्ड्रीत कामाला होती. वाफेच्या इस्त्रीची नळी फुटली आणि उजवा गाल, कान आणि गळ्याची एक बाजू भाजली. जखम भरली होती, पण भरताना तिथे लाल, फुगीर, दोरखंडासारखा व्रण उठला होता आणि तो जबड्यापासून खांद्याकडे उतरत गेला होता. डॉक्टरांनी मालिश सांगितली होती, व्रण दाबून धरणारा पट्टा दिला होता, आणि वाट बघा म्हणाले होते. व्रण आपणहून नरम पडला तर उत्तम. आवळत गेला तर गळ्याचं ऑपरेशन करून मान मोकळी करावी लागणार. त्यासाठी दर महिन्याला फोटो.

“स्कार्फ काढायचा?” धाकटीने विचारलं. स्टुलावर बसल्यावर विचारलेला तो तिचा पहिला आणि त्या दिवसापुरता शेवटचा प्रश्न.

फोटोताईने मानेनेच हो म्हटलं. स्कार्फ सुटायला वेळ लागला. थोरली तेवढ्यात भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्षपूर्वक वाचायला लागली.

पुढच्या महिन्यांत धाकटी थोडी बोलू लागली. लॉन्ड्रीतल्या गमती सांगायची. कुणाच्या कोटाच्या खिशात दात सापडले होते, अख्खी कवळी, आणि मालकाने ती काउंटरवर कपात ठेवली तर चार दिवस कोणी विचारायलाच आलं नाही. फोटोताई खो खो हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की धाकटी स्वतः हसताना हात गालावर नेते. लोक डोळे झाकतात तसा ती गाल झाकायची. ती घराबाहेर फक्त हॉस्पिटलला यायला पडायची. कामावर परत जायचं नाव काढलं की गप्प व्हायची. थोरलीने तर घरातला मोठा आरसासुद्धा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. “काढून टाकला तर म्हणेल मुद्दाम काढला. म्हणून उलटा ठेवलाय. पुसायला काढला होता म्हणून सांगता येईल,” असं तिने हळूच सांगितलं होतं.

मग एका महिन्यात फ्लॅशच बंद पडला. दुरुस्तीला पाठवला, पण पेशंट थोडेच थांबणार? फोटोताईने कपाटातून दोन जुने मोठे बल्ब काढले, पिवळ्या उजेडाचे. फार भगभगीत वाटले म्हणून पुढे ट्रेसिंग पेपर लावला. त्या दिवशी सकाळपासून आलेल्या सगळ्यांचे फोटो तिने त्याच उजेडात काढले. धाकटीचाही. वहीत नोंद केली, जशी रोज करायची: फ्लॅश दुरुस्तीला, पिवळे दिवे, पुढे कागद.

दुसऱ्या दिवशी डार्करूमच्या लाल उजेडात धाकटीचा फोटो औषधाच्या ट्रेमधून वर आला आणि फोटोताई बघतच राहिली. व्रण जवळजवळ दिसत नव्हता. दोरखंडाच्या जागी नुसती एक फिकट सावली. तिने नेहमीचा कागद वापरला होता. मग तिला वाटलं, एक नरम कागदावरही काढून बघू. नरम कागदावर ती सावलीही विरघळली. दोन्ही ओले फोटो तिने काचेवर चिकटवले आणि फाइलसाठी नरम कागदावरचा उचलला. का, असं तिला कुणी त्या क्षणी विचारलं असतं तर म्हणाली असती, तो जास्त चांगला आलाय म्हणून. वहीच्या उजव्या पानावर तिने लिहिलंही: कागद नरम.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टरांनी बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत मागचा फोटो आणि हा फोटो शेजारी धरला, भुवया उंचावल्या आणि फाइलवर लिहून टाकलं की ऑपरेशनची गरज दिसत नाही. थोरली पळत तळघरात आली. “ताई, याची एक प्रत द्या. नाही म्हणू नका. आईला दाखवायचीय.” तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायला ती फोटोताईच्या कपाटावरच्या धुळीला नावं ठेवत होती. फोटोताईने प्रत दिली. काही आठवड्यांनी कानावर आलं की धाकटी कामावर जायला लागली. काउंटरवर बसते, गिऱ्हाइकांशी बोलते, घरातला आरसाही सुलटा झाला. फोटोताईने ते घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तिचा आवाज जरा ओला झाला होता. आपल्या कामाने कुणाचं भलं होतं, हे तिच्या वाट्याला तसं कमी यायचं. तिच्या हातून फक्त नोंद व्हायची, भलं करणारे वरच्या मजल्यांवर असत.

त्यानंतरच्या खेपेला फ्लॅश दुरुस्त होऊन आला होता. धाकटी स्कार्फ गळ्यात नुसता अडकवून आली, सहज काढून मांडीवर ठेवला. फोटो निघाला. ती गेली. आणि डार्करूममध्ये तो फोटो ट्रेमध्ये उमटायला लागला तेव्हा फोटोताई ट्रेवर खाली वाकली. व्रण होता. काळा, फुगीर, पूर्वीपेक्षा जाड. गळ्याजवळ तर ताणलेल्या दोरीसारखा.

एका महिन्यात इतका बिघडला? तिने घाईने मागच्या महिन्याचा फोटो काढला, त्याच्या आधीचा काढला, तिन्ही शेजारी ठेवले. पहिला आणि तिसरा सख्खे भाऊ वाटत होते. मधला कुणा परक्या घरचा.

मग तिने वही उघडली.

काही शोधावं लागलं नाही. सगळं तिच्याच अक्षरात, व्यवस्थित, रकान्यात लिहिलेलं होतं. पिवळे दिवे. पुढे कागद. नरम कागद. पिवळ्या उजेडात लाल रंग भरपूर असतो, आणि काळ्यापांढऱ्या फिल्मवर अशा उजेडात लाल वस्तू फिकी उतरते, हे तिला काय माहीत नव्हतं? शिकतानाच्या पहिल्या वर्षी शिकवलेली गोष्ट. ट्रेसिंग पेपरने सावल्या खाल्ल्या, म्हणून फुगवटा गेला. उरलंसुरलं नरम कागदाने पुसलं. व्रण जागच्या जागी होता. तिने त्याच्यावर तीन थर चढवले होते आणि प्रत्येक थराची प्रामाणिकपणे नोंद केली होती. इतकी वर्षं ती लिहीत आली होती. लिहून झालं की वही मिटायची. लिहिलेलं वाचायचंही असतं, हे जणू कधी तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तरी मन वेडं असतं. कदाचित खरंच बरा झाला असेल आणि मग पुन्हा उठला असेल, असं ते म्हणत राहिलं. रविवारी सकाळी ती पर्समध्ये लिपस्टिक घालून हॉस्पिटलला निघाली. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. “सुट्टीच्या दिवशी, लिपस्टिक घेऊन, तळघरात?”

“हाताला लावायचीय.”

“हाताला.” त्याने जरा विचार केला. “ठीक आहे. जास्त विचारत नाही. डबा करून ठेवू का?”

रिकाम्या तळघरात तिने मनगटापासून कोपरापर्यंत लिपस्टिकचा एक जाड लाल पट्टा ओढला. कॅमेरा स्टँडवर, दुसऱ्या हातात लांबून बटण दाबायची केबल. एक फोटो फ्लॅशच्या उजेडात. एक पिवळ्या दिव्यांत, पुढे कागद लावून. फिल्म धुतली, वाळवली, दोन्ही फोटो छापले. एकात पट्टा गडद, ठसठशीत. दुसऱ्यात ओलं बोट फिरवल्यासारखी खूण. मनाला आता तोंड उघडायला जागा उरली नाही. तिने हात साबणाने धुतला. पट्टा गेला, गुलाबी झाक राहिली.

सोमवारी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. धाकटीचे तीन फोटो, हाताचे दोन, आणि वही. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. डॉक्टर आधी नुसते ऐकत होते, मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर टाकला.

“मी तिचं नाव ऑपरेशनच्या यादीतून काढलंय, बाई. तुम्हाला कळतंय ना? गळ्याची कातडी या काळात किती आवळली असेल?”

“कळतंय.”

“आणि हे तुम्ही तेव्हाच लिहून ठेवलं होतं?”

“लिहिलं होतं. वाचलं नव्हतं. आणि तुम्हाला सांगितलं नव्हतं. नरम कागद तर...” ती अडखळली. “त्याची गरजही नव्हती. मला तो फोटो आवडला. ती बरी झालेली बघायला मला आवडलं.”

डॉक्टरांनी तो मधला फोटो उचलून खिडकीच्या उजेडात धरला. राग होता, पण तो हळूहळू दुसरीकडे वळत गेला असावा. “मलाही आवडलं,” ते शेवटी म्हणाले. “बाहेर रांग लागली होती. हा फोटो हातात आला आणि मी तिला मान वळव म्हणालोच नाही. नुसतं म्हणालो असतो तरी कळलं असतं.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “तिला बोलवून घ्या. कोण सांगणार, तुम्ही की मी?”

“मी सांगते.”

दोघी आल्या त्या हसत, काहीतरी बोलत. फोटोताईने त्यांना बसवलं, चहा मागवला, आणि चहा यायच्या आतच बोलून टाकलं, कारण चहा हातात आल्यावर तिला ते जमलं नसतं. उजेडाचं सांगितलं, कागदाचं सांगितलं, हाताचे फोटो दाखवले. थोरली मध्येच उठून उभी राहिली.

“म्हणजे खोटा फोटो दिलात तुम्ही आम्हाला?”

“मुद्दाम नाही. पण हो. त्यात दिसतंय तसं नव्हतं.”

“आईने तो उशाशी ठेवलाय! रोज बघते! आता तिला काय सांगू? दिवा पिवळा होता म्हणून?” तिचा आवाज चिरका झाला. “इतकी वर्षं हेच काम करता ना तुम्ही?”

चहा आला, तसाच राहिला. धाकटी मात्र फोटोंकडेच बघत होती.

“मग तेव्हा कसा होता?” तिने विचारलं. “त्या महिन्यात. खरा चेहरा.”

“ते आता कुणालाच सांगता येणार नाही. तो फोटो पुन्हा कितीही वेळा छापला तरी. बल्बच्या उजेडाने जे गाळलं ते फिल्मवर आलंच नाही.”

“मला थोडं सांगता येईल,” धाकटी म्हणाली. तिने मान डावीकडे वळवली. अर्ध्यावर अडकली. “तेव्हा लॉन्ड्रीत मागच्या कपड्यांच्या रॅकवरचे नंबर मला बसल्या जागी वाचता यायचे. आता स्टूल फिरवावं लागतं. मला वाटलं, स्टूल कुणी हलवलं असेल.” ती थांबली. “फोटोत चांगलं होतं ना. म्हणून मी गळ्याचं कुणाला सांगितलं नाही.”

एवढं बोलून ती उठली, स्कार्फ नीट गुंडाळला, अगदी पहिल्या दिवसासारखा, आणि बहिणीची वाटही न बघता बाहेर गेली. थोरली फाइल घेऊन तिच्यामागे धावली. तीन पेले चहा टेबलावर साय धरत राहिले.

धाकटी ऑपरेशनला येईल की नाही, याची खात्री कुणालाच नव्हती. फोटोताई त्या दिवसांत हलक्या आवाजात बोलायची, घरीही. नवऱ्याने एकदा मिठाची थट्टा काढली आणि मध्येच सोडून दिली. तळघरात तिने फ्लॅश नव्हता त्या काळातल्या सगळ्या नोंदी काढून पिवळ्या दिव्याखालचे सगळे पेशंट शोधले. बहुतेकांचं काही बिघडलं नव्हतं, दोघांना पुन्हा बोलवावं लागलं. मग तिने एक नवी पद्धत पाडली. प्रत्येक फोटोच्या पाठीवर उजेड, औषध आणि कागद पेन्सिलीने लिहायचे, म्हणजे फोटो जाईल तिथे नोंदही जाईल. आणि स्टुलावर पेशंट बसला की कॅमेऱ्याला हात लावण्याआधी वहीतलं त्याचं मागच्या खेपेचं पान मोठ्याने वाचायचं. पेशंटना गंमत वाटायची. एक म्हातारे गृहस्थ तर ऐकताना हात जोडून बसायचे.

धाकटी आली. ठरलेल्या सकाळी, थोरलीबरोबर, कुणाशी फारसं न बोलता. गळ्यावरची आवळलेली कातडी मोकळी केली, मांडीवरची कातडी तिथे लावली. पहिले दिवस वाईट गेले. नंतर बरे गेले. डॉक्टर रोज आपल्या बोटांनी तिची हनुवटी धरून मान वळवून बघायचे. गळा मोकळा झाला. गालावरचा व्रण राहिला. तो पुढेही राहणार होता, थोडा फिका होत, आणि हे तिला कुणी गोड करून सांगितलं नाही.

टाके निघाल्यावर ती फोटोसाठी खाली आली, एकटी. थोरली वर औषधांच्या खिडकीवर कुणाशी तरी भांडत होती, तिथे फार वेळ लागणार होता. फोटोताईने मागचं पान वाचलं. धाकटीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“यात माझं काहीच नाही,” ती म्हणाली. “सगळं दिव्यांचं आणि औषधांचं.”

“शेऱ्याचा रकाना आहे. काय लिहू?”

धाकटीने विचार केला. मग मान वळवली, मागे, आणखी मागे, पार कपाटाच्या दारापर्यंत. “त्या दारावरचं लेबल वाचता आलं, असं लिहा.”

फोटोताईने लिहिलं. फोटो काढला. फिल्म उतरवताना ती म्हणाली, “उद्या मिळेल तुला बघायला.”

“छापताना बघू दिलं तर चालेल का? कुणाच्या हातातून मला आता नकोय.”

म्हणून दुसऱ्या दिवशी दोघी डार्करूममध्ये उभ्या राहिल्या, लाल दिव्याखाली, ट्रेवर वाकून. पांढरा कागद औषधात गेला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एका कडेला काहीतरी धुरकट जमायला लागलं.

“हे काय?”

“केस. काळं ते आधी येतं.”

केस आले, डोळे आले, मग गाल, आणि गालावर तो व्रण, सावकाश, जसा होता तसा. धाकटीचा हात गालाकडे गेला नाही. दोन्ही हात तिने ट्रेच्या कडेवर ठेवले होते. फोटोताईने चिमटा पुढे केला, तो तिने घेतला, कागदाचा कोपरा पकडून वर उचलला आणि औषध पूर्ण निथळेपर्यंत तसाच धरून ठेवला.

“आता कुठे?”

“शेजारच्या ट्रेमध्ये. हळू.”

तिने कागद हळूच सोडला आणि तो बुडलेला बघत राहिली. बाहेर जिन्यावरून थोरलीचा आवाज खाली येत होता. औषधाची खिडकी, तिथला माणूस आणि एकंदर हॉस्पिटल, सगळ्यांचा उद्धार चालला होता.

“दार उघडू नकोस गं!” धाकटी आतून ओरडली. “उजेड येईल!”